नसलेली फाइल

एसट्रेस ही कमांड मी आयुष्यात पहिल्यांदा चालवली ती मलकापुरातल्या एका जिनात, काट्याशेजारच्या खोलीत. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती. त्या कमांडनं दिलेलं उत्तर मी इतक्या घाईनं वाचलं, की एका माणसाची तीस वर्षांची नोकरी माझ्या त्या वाचण्यावर टांगली गेली. कुणी म्हणेल, कमांड कुठे अन् नोकरी कुठे. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगते. सांगता सांगता मला तरी कळतंय का बघू.

मी देऊळगाव राजाची. आमच्याकडे जालना जवळ, त्यामुळे कॉम्प्युटरचा डिप्लोमा जालन्यात केला आणि नोकरीसाठी मलकापूरला मामांकडे येऊन राहिले. मी 'मला-तुला' बोलायचे, तिथे सगळे 'मले-तुले'. पहिल्या आठवड्यात जिनातले लोक माझी नक्कल करून हसायचे. मी चिडले की जास्तच हसायचे. अन् मी फार लवकर चिडते. आधी बोलून टाकायचं, विचार नंतर सावकाश करायचा, ही माझी जुनी खोड. आईनं त्यासाठी खूप धपाटे घातले, उपयोग शून्य.

जिन म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना. शेतकरी ट्रॉली भरून कापूस आणतो, ट्रॉली मोठ्या काट्यावर चढते, वजन होतं, आणि वजनाची काटापट्टी निघते. ही पट्टी तीस वर्षं एकाच माणसानं हातानं लिहिली होती. सगळे त्यांना काटेवाले काका म्हणायचे. गाव अमडापूर, पण सीझनभर ते जिनातल्याच एका खोलीत राहायचे. खिशाला दोन पेनं, नाकावर चष्मा, आणि खालच्या कार्बनवर उमटावं म्हणून असं दाबून लिहायचे की टेबलाला खड्डे पडले होते.

त्या वर्षी शेठनं कॉम्प्युटर आणला. लिनक्स फुकट मिळतं म्हणून लिनक्स. पट्टी छापायचा प्रोग्रॅम जालन्याच्या एका माणसानं लिहिला, दोन दिवसांत बसवला आणि तो आखातात नोकरीला निघून गेला. प्रोग्रॅम चालत होता, पण आत काय लिहिलंय ते त्याच्याबरोबर विमानात बसून गेलं. मला चालवायला ठेवलं, आणि काकांना माझ्या शेजारी खुर्ची. काका दसऱ्याच्या पूजेला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे डबडं ऐन सीझनमधे दगा देईन, पाह्यजा." लोक हसले होते. मी नाही हसले.

वसूबारसेला दुपारी काका माझ्याजवळ आले. "बाई, मुहूर्ताची पट्टी काढाची असते आज."

"खरेदीचा मुहूर्त पाडव्याला आहे ना?"

"हाव. पन एक नंबरची पट्टी वसूबारसेलेच लिहून लक्ष्मीपुढे ठेवतो आपन. वेळ टाकाची पाडव्याची, सकाळचे सात. मंग माल सातले येवो का बारा वाजता, मुहूर्त चुकत नाई."

तीस वर्षं हे असंच चाललं होतं. कागदावर वेळ कुठलीही लिहिता येते. पण मशीन आजचीच तारीख छापणार, चार दिवसांनंतरची कशी छापेल? मी तसं सांगितलं. काका इतकंच म्हणाले, "मंग म्या हातानं लिहू का?" अगदी साधं विचारलं होतं त्यांनी. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातानं लिहायची तर मला कशाला ठेवलंय इथे, देवासमोर घंटा वाजवायला? मी म्हटलं, थांबा. मशीनचं घड्याळ पुढे सरकवून पाडव्याचे सकाळचे सात केले, एक नंबरची पट्टी छापली आणि घड्याळ पुन्हा जागेवर आणून ठेवलं. दोन मिनिटांचं काम. स्वतःवर अशी खूश झाले मी! काकांनी पट्टी चष्म्याजवळ धरून पाहिली. "वा बाप्पा! पाडवा आजच आनला तुह्या मशीननं." पट्टी लक्ष्मीच्या तसबिरीपुढे गेली, वर हळदकुंकू.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, आणि सकाळपासून आभाळ भरून आलेलं. दहा वाजेपर्यंत फाटकासमोर नऊ-दहा ट्रॉल्या येऊन उभ्या. "शेठ, कापूस भिजला तं तुमीच नाई म्हनसान. आताच घ्या." शेठनं आभाळाकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं. "पट्टी निघाली नं? मंग झाला मुहूर्त. करा चालू."

पहिली ट्रॉली काट्यावर चढली. मी वजन टाकलं, नाव टाकलं, एंटर दाबलं. काहीच नाही. कर्सर लुकलुकतोय, प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. वायर पाहिली, प्रिंटर बंद करून चालू केला, मग अख्खं मशीनच बंद करून चालू केलं. तेच. ना चूक दाखवतंय, ना काम करतंय. कालच तर दोन मिनिटांत पट्टी दिली होती मेल्यानं! बाहेर लोक हॉर्न वाजवायला लागले.

शेठ आत आले. मला काही विचारायच्या आधी त्यांनी काकांना विचारलं, "काल खोलीले कुलूप कोनं लावलं?"

"म्या."

"सकाळी कोनं उघडली?"

"म्याच."

"अन् डबडं दगा देईन हे बी तूच म्हनला होता."

काका म्हणाले, "शेठ, म्या हातबी नाई लावला त्याले."

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, पाच वाजेपर्यंत मले सांगा काय झालं ते. यानं काही केलं असन तं आजच घरी जाईन. नसन केलं तं तसं सांगा. तुमी सांगसान ते खरं." आता इतकं स्वच्छ सांगितल्यावर माणसानं सावध व्हावं की नाही? मला उलट आपल्याला किती मान आहे असं वाटलं.

मी एसटीडी बूथवर धावले आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "प्रोग्रॅमचं आतलं लिखाण नसलं तरी तो काय करतोय ते बाहेरून बघता येतं. प्रोग्रॅमला स्वतःहून फाइलसुद्धा उघडता येत नाही गं. फाइल उघड, वाचून दे, वेळ सांग, असं सगळं त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागावं लागतं. त्या मागण्यांना सिस्टिम कॉल म्हणतात. एसट्रेस लावलंस की प्रत्येक मागणी आणि तिला मिळालेलं उत्तर ओळीनं दिसेल. उत्तर उणे एक आलं, तर ती मागणी फेटाळली गेली असं समज." मी सगळं तळहातावर लिहून घेतलं. पुढेही काहीतरी सांगत होती ती. माझं लक्ष ट्रॉल्यांकडे.

परत येऊन एसट्रेस लावलं. अगं बाई! स्क्रीनवर ओळींचा लोंढा सुटला. कंस, अवतरणचिन्हं, आकडे. एक ओळ कळेल तर शपथ. शेवटी सगळं कागदावर छापून घेतलं आणि वरून बोट ठेवत वाचायला लागले. तिसऱ्या का चौथ्या ओळीवर बोट थांबलं. प्रोग्रॅम कुठलीतरी एक फाइल उघडायला मागत होता. नाव एलडी-डॉट-एसओ-डॉट-प्रीलोड. उत्तर: उणे एक. पुढे इंग्रजीत लिहिलेलं, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. आणखी खाली तशाच दोन ओळी. उणे एक. नाही. नाही.

झालं. मी कागद घेऊन दारात आले आणि काट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "फाइल उडवलीय कुणीतरी!"

काका काट्याजवळ उभे होते. "कोनती फाइल?"

मी नाव वाचून दाखवलं.

"बाई, हे नाव मले बोलता येत नाई. म्या ते पुसन कसं?"

आणि मी म्हणाले, "काका, ज्याला वाचता येत नाही तोच नको ते बटण दाबतो."

हे वाक्य मी बोलले. दहा ट्रॉल्यांच्या लोकांसमोर, ज्यांच्या बापांच्याही पट्ट्या काकांनी लिहिल्या होत्या त्यांच्यासमोर. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून काट्याच्या कठड्यावर ठेवला आणि खोलीकडे गेले. थोड्या वेळानं पिशवी घेऊन बाहेर आले आणि फाटकातून निघून गेले. शेठनं थांबवलं नाही. मीही नाही.

"चला, आता ते फाइल आना," शेठ म्हणाले.

कुठून आणू? फाइल कसली, तिच्यात काय असतं, मला काहीच माहीत नव्हतं. तोवर लोक थांबेनात, म्हणून काकांचं जुनं पुस्तक काढून मीच हातानं पट्ट्या लिहायला बसले. "मॅडम, दाबून लिहा जरा. खालच्या कागदावर उमटूनच नाई राह्यलं." "मॅडम, ट्रॉलीचं वजन वजा केलं का?" नव्हतं केलं. तिसऱ्या पट्टीला माझी बोटं दुखायला लागली. बाहेर एक म्हातारबा मोठ्यानं म्हणाले, "मशीन बी गेलं अन् मानूस बी घालवला. लय हुशार हाय बाई."

चौथी ट्रॉली रिकामी होईपर्यंत वेळ मिळाला. मला वाटलं, ती फाइल दुसरी एखादी कमांड वापरत असेल तर तिच्यावरून काही कळेल. म्हणून तारीख सांगणाऱ्या साध्या कमांडवर एसट्रेस लावलं. पहिल्या चार ओळींतच तीच फाइल. तेच उणे एक. अशी फाइल नाही. आणि खाली कमांडनं आजची तारीख बरोब्बर सांगितली. मी फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडवर लावलं. पुन्हा तेच नाव, तेच उणे एक, आणि यादी ठणठणीत.

म्हणजे ही फाइल नसतेच? प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना ती आहे का विचारतो, नाही म्हटलं की पुढे जातो? मग मी कशावरून ओरडले? मैत्रीण फोनवर पुढे हेच सांगत होती का? मला काही म्हणजे काही सुचेना. पट्टीच्या प्रोग्रॅमवर पुन्हा एसट्रेस लावून नवा कागद छापला, आणि या वेळी शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. जिथे प्रोग्रॅम अडला ती जागा खाली असणार, वर नाही, एवढी साधी अक्कल मला आता आली.

शेवटची दोन पानं म्हणजे दोनच ओळी पुन्हा पुन्हा छापलेल्या. एका ओळीत प्रोग्रॅम वेळ विचारत होता, आणि उत्तर म्हणून नऊ आकडी संख्या येत होती. दुसऱ्या ओळीत तो म्हणत होता, मला एक सेकंद झोपू दे. मग पुन्हा वेळ. संख्या एकानं वाढलेली, म्हणजे तो सेकंदच मोजत होता. पुन्हा एक सेकंद झोप. पुन्हा वेळ. दोन पानं नुसतं हेच. अरे, पण कशाला? कुणाची वाट बघतोयस बाबा? मी खरंच त्या कागदाशी बोलत होते.

या दोन ओळी सुरू व्हायच्या जरा आधी त्यानं पट्ट्यांची फाइल उघडून वाचली होती. तिथे उणे एक नव्हतं. फाइल सापडली होती, नीट वाचली होती. तिच्यात एकच नोंद: पट्टी नंबर एक, आणि पुढे एक नऊ आकडी संख्या. ही संख्या खालच्या संख्यांपेक्षा मोठी होती. वजाबाकी केली. दोन लाखांच्या थोडं वर. साठनं भागलं, पुन्हा साठनं भागलं. त्रेसष्ट तास. मी घड्याळात पाहिलं, दुपारचे चार वाजत होते. बोटांवर मोजलं. दोन दिवस आणि पंधरा तास. पाडवा, सकाळचे सात.

जालन्याच्या त्या माणसानं बंदोबस्त करून ठेवला होता, की आधीच्या पट्टीच्या अगोदरची वेळ टाकून कुणाला पट्टी काढता येऊ नये. घड्याळ मागे असेल तर प्रोग्रॅमनं थांबायचं. आधीची पट्टी पाडव्याची होती. ती मीच छापली होती. घड्याळ मीच पुढे नेलं, मीच मागे आणलं. काकांनी मशीनला बोटही लावलं नव्हतं. उलट हातानं लिहू का म्हणून विचारलं होतं.

मला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, लाजेहून भीती जास्त वाटली. नवी नोकरी, मामांचं घर, जालन्याची फी भरणारे बाबा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी ती पाडव्याची नोंद फाइलीतून काढून बाजूला ठेवली आणि एंटर दाबलं. प्रिंटर खडखडला. बाहेर लोक ओरडले, "निघाली, निघाली!"

शेठ धावत आले. "वा मॅडम! काय होतं?"

"घड्याळाचा घोळ होता."

"म्हाताऱ्यानं घड्याळ फिरवलं होतं म्हना. मले वाटलंच."

इथे मला 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. तोंडही उघडलं होतं मी. पण जे बाहेर पडलं ते "पुढची ट्रॉली घ्या" असं होतं. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या संध्याकाळी मी एकोणीस पट्ट्या छापल्या.

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. शेठकडून सुट्टी मागून मी पहाटेच्या बसनं बुलढाण्याला, तिथून चिखलीला आणि तिथून अमडापूरला गेले. एसट्रेसचे सगळे कागद पिशवीत. वाटेत घाटात गाडी वळणं घेत होती आणि मी काय काय बोलायचं ते पाठ करत होते.

काका अंगणात उघड्या अंगानं लाकडं फोडत होते. मला पाहून कुऱ्हाड बाजूला ठेवली, सदरा चढवला. "ये बाई. फराळाच्या टायमाले आली." काकूंनी चिवडा आणि करंजी पुढे ठेवली. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी येतं.

मी कागद खाटेवर पसरले. ती नसलेली फाइल दाखवली, ती कुठल्याच प्रोग्रॅमला सापडत नाही हे सांगितलं. त्या दोन ओळी दाखवल्या, वजाबाकी सांगितली, त्रेसष्ट तास सांगितले. काकांनी चष्मा लावून सगळं ऐकलं, मधे हुं-हुं करत.

"म्हंजे ते मशीन पाडव्याची वाट पाहून राह्यलं होतं."

"हो."

"मंग त्याचं काही चुकलं नाई."

"नाही."

"अन् माहं?"

"नाही काका. तुमचं काहीच नाही. माझं चुकलं." मला रडू यायला लागलं होतं.

काकांनी कागद गोळा केले, कडा सारख्या केल्या आणि माझ्या हातात परत दिले. "शेठले सांगितलं का हे?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मले काऊन सांगून राह्यली, बाई? मले तं माहीतच होतं."

करंजी तशीच हातात राहिली. काकूंनी ती कागदात बांधून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर गेले. लक्ष्मीपूजनाचा दिवस, तरी आभाळाच्या भीतीनं ट्रॉल्या आल्याच होत्या. खोलीत शेठ एकटे असताना सांगणं सोपं होतं. पण मी ओरडले होते ते बाहेर, लोकांत. म्हणून बाहेरच, लोकांतच सांगितलं. घड्याळ मी फिरवलं. मी छापलेल्या पट्टीमुळे मशीन अडलं. फाइल कुणी उडवली नव्हती, ती फाइल कधी नव्हतीच. काकांनी काही केलं नव्हतं.

मला वाटलं, आता घरी पाठवणार. शेठ म्हणाले, "मंग परवा काऊन नाई बोलली?"

इतक्या वर्षांत पुष्कळ उत्तरं करून पाहिली, एकही धड नाही.

शेठनं ड्रायव्हरला बोलावलं, जीप दिली, मिठाईचा डबा दिला आणि काकांना सन्मानानं घेऊन ये म्हणून सांगितलं. मी कठड्यावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलून खोलीतल्या त्यांच्या खुर्चीवर ठेवला. दिवसभर फाटकाकडे बघत होते. संध्याकाळी, पूजेच्या जरा आधी, जीप परत आली. ड्रायव्हर एकटाच उतरला.

"काकानं सांगितलं, तब्येत ठीक नाई म्हने. आता काही काट्यावर येनं होनार नाई."

लोक हळहळले. वय झालं, दगदग होते, असं म्हणाले. शेठही हो म्हणाले. मी मात्र आदल्याच दिवशी त्यांना बाभळीचे ओंडके फोडताना पाहिलं होतं. एका घावात दोन तुकडे.